आरशाला लटकलेला कायदा

गाडीच्या आतल्या आरशाला काहीतरी लटकवण्याची सवय सगळीकडे आहे. कुणाची तसबीह असते, कुणाची जपमाळ, कुणाचा क्रॉस, कुणाच्या लेकराने शाळेत केलेले कागदाचे फूल. अमेरिकेत पदवीच्या टोपीचा गोंडा आणि झाडाच्या आकाराचा सुगंधी पुठ्ठा हमखास दिसतो. आपल्याकडे या गोष्टीकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आरशाला लटकलेली वस्तू हा वाहतुकीच्या नियमाचा भंग ठरतो आणि त्या एका कारणावरून पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावू शकतात. अशा वेळी गाडीत परवान्याची बंदूक असेल, तर काही डॉलरच्या दंडाचे प्रकरण जिवावर बेतू शकते.

या अंकात हा विषय घेण्याचे कारण एवढेच की, छोटा नियम, मोठा अधिकार आणि मनातला संशय या तीन गोष्टी एकत्र आल्या की नागरिकाचे काय होते, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे, भाऊबंद आज न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय, कॅलिफोर्निया इथे गाड्या चालवत आहेत. त्यांच्यासाठी ही गोष्ट रोजच्या रस्त्यावरची आहे.

मिनेसोटा राज्यातल्या दोन घटना पाहू. दोन्ही मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या उपनगरांत घडल्या.

पहिली 6 जुलै 2016 ची, फाल्कन हाइट्स इथली. फिलँडो कॅस्टील हा 32 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या भोजनगृहात पर्यवेक्षक होता. त्याच्या गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पोलीस अधिकाऱ्याने गाडी थांबवली आणि ब्रेकलाइट बंद असल्याचे सांगितले. त्याआधी वायरलेसवर मात्र त्याने वेगळेच कारण दिले होते. चालकाचा चेहरा एका दरोड्यातल्या संशयितासारखा वाटतो, असे तो म्हणाला होता. कॅस्टीलकडे पिस्तूल होते आणि ते बाळगण्याचा रीतसर परवानाही होता. मिनेसोटाच्या कायद्यानुसार पोलिसाने विचारल्यावर ते सांगणे बंधनकारक आहे. कॅस्टीलने कुणी विचारण्याआधीच, अदबीने, आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सांगितले. त्यानंतर काही सेकंदांतच अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. संपूर्ण प्रसंग एका मिनिटाच्या आत संपला. जून 2017 मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा कळले की, कॅस्टीलला त्याच्या हयातीत चाळीसहून अधिक वेळा अशाच किरकोळ कारणांवरून थांबवले गेले होते.

दुसरी घटना 11 एप्रिल 2021 ची, ब्रुकलिन सेंटर इथली. डाँटे राइट हा 20 वर्षांचा तरुण. त्याच्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती आणि आरशाला एअर फ्रेशनर लटकत होता. ही दोन कारणे सांगून पोलिसांनी त्याला थांबवले. तपासणीत त्याच्या नावावर वॉरंट निघाल्याचे दिसले. अटक करताना झटापट झाली आणि अधिकारी महिलेने विजेचा झटका देणारे टेझर समजून पिस्तूल चालवले. डाँटे मरण पावला. डिसेंबर 2021 मध्ये ती अधिकारी सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली. न्यायालयाने तिला शिक्षा दिली, पण ज्या साखळीची पहिली कडी सुगंधी पुठ्ठ्याची होती, ती साखळी तशीच राहिली.

एका घटनेत आरसा आहे, दुसऱ्यात बंदूक. दोन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे गाडी थांबवण्याचा अधिकार.

हा अधिकार इतका मोठा कसा झाला? त्याचे उत्तर 10 जून 1996 च्या एका निकालात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘व्रेन विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात एकमताने ठरवले की, वाहतुकीच्या एखाद्या नियमाचा भंग पोलिसाला खरोखर दिसला असेल, तर गाडी थांबवणे वैध आहे. पोलिसाच्या मनात खरा हेतू काय होता, हे न्यायालय पाहणार नाही. त्या खटल्यात साध्या वेशातल्या अमली पदार्थविरोधी पोलिसांनी वॉशिंग्टनमध्ये एका गाडीचा पाठलाग केला होता. कारण सांगितले ते एवढेच की, गाडी थांब्याच्या खुणेपाशी जरा जास्त वेळ उभी राहिली आणि इंडिकेटर न देता वळली.

वाहतुकीचे नियम शेकडो आहेत. इतके की, कोणत्याही चालकामागे दहा मिनिटे गाडी चालवली तर एखादा भंग सापडतोच. व्रेन निकालानंतर या प्रत्येक नियमाला दोन रूपे आली. एक रूप रस्त्याच्या सुरक्षिततेचे. दुसरे रूप निमित्ताचे. आरशाचा नियम या दुसऱ्या रूपात फार उपयोगी पडतो, कारण लटकलेली वस्तू लांबून दिसते आणि ती हजारो गाड्यांत असते. त्यातून नेमकी कुठली गाडी थांबवायची, हे ठरवणे पोलिसाच्या हाती राहते.

राज्याराज्यांत या नियमाची भाषाही वेगळी आहे. पेनसिल्व्हेनियात वस्तूमुळे चालकाच्या नजरेला लक्षणीय अडथळा होत असेल तरच तो भंग. 2021 मध्ये मिनेसोटाचा कायदा याहून कडक होता. चालक आणि पुढची काच यांच्यामध्ये काही लटकवायचेच नाही. आरसा, सूर्यप्रकाश अडवणारी पट्टी, टोलचे यंत्र अशा मोजक्या वस्तूंना सूट. अपंगांसाठीचे पार्किंगचे कार्ड आरशाला लावूनच दाखवायचे असते. पण गाडी सुरू करताना ते काढले नाही, तर अनेक ठिकाणी तोही भंगच. कॅलिफोर्नियात आरसा स्वतःच कायद्याचा विषय आहे. गाडीला डाव्या बाजूचा आरसा धरून किमान दोन आरसे हवेत. म्हणजे कुणी धडक देऊन तुमचा डावा आरसा मोडून गेला असेल, तरी दुसऱ्या दिवशी थांबवले जाल तुम्ही.

आता बंदुकीकडे येऊ. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानला जातो. पण तो हक्क घेऊन रस्त्यावर निघाल्यावर राज्याची सीमा ओलांडली की कायदा बदलतो. यावर तोडगा म्हणून 1986 मध्ये संघराज्याने एक कायदा केला. जिथे शस्त्र बाळगणे वैध आहे अशा एका ठिकाणाहून तशाच दुसऱ्या ठिकाणी शस्त्र नेताना, वाटेतल्या राज्याचा कायदा कडक असला तरी प्रवाशाला संरक्षण मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. अट अशी की, बंदुकीत गोळ्या भरलेल्या नसाव्यात आणि बंदूक वा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागतील अशा नसाव्यात. ज्या गाडीला वेगळी डिकी नाही, तिच्यात त्या कुलूपबंद पेटीत हव्यात, आणि डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटांमधला कप्पा ही पेटी धरली जात नाही.

कागदावर हे सोपे वाटते. 2013 मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला, दोन मुलांची आई, गाडीने न्यू जर्सीत गेली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता आणि तो शेजारच्या राज्यातही चालतो असा तिचा समज होता. लेन बदलण्यात चूक झाली म्हणून पोलिसांनी थांबवले. तिने आपणहून सांगितले की, आपल्याजवळ पिस्तूल आहे आणि हा परवाना. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. तिला अटक झाली आणि काही वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार तिच्यावर आली. शेवटी एप्रिल 2015 मध्ये राज्यपालांनी माफी दिली तेव्हा ती सुटली. खरे बोलल्याबद्दल तिला जवळपास तुरुंगच मिळत होता.

जानेवारी 2017 मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पश्चिम व्हर्जिनियात सीटबेल्ट न लावल्याच्या कारणावरून थांबवलेल्या गाडीतल्या एका माणसाकडे पिस्तूल असल्याची माहिती पोलिसांना मिळाली होती. त्या राज्यात पिस्तूल बाळगणे कायदेशीर असू शकते, हे मान्य करूनही न्यायालयाने ठरवले की, कायदेशीरपणे थांबवलेला माणूस सशस्त्र असेल तर तो धोकादायक आहे असे पोलिसांनी धरून चालणे आणि त्याची झडती घेणे योग्यच आहे. याचा सरळ अर्थ असा की, परवाना असला तरी थांबवल्याच्या क्षणापासून तुम्ही धोका आहात. आणि थांबवायला सीटबेल्ट पुरतो, ब्रेकलाइट पुरतो, आरशाची माळ पुरते.

म्हणूनच अमेरिकेतले शस्त्रधारक एकमेकांना एक सल्ला देतात. बंदूक घेऊन निघालात तर पोलिसाला थांबवण्याचे कारणच देऊ नका. आरसा मोकळा ठेवा. सगळे दिवे तपासा. नंबर प्लेट स्वच्छ, नोंदणी चालू. वेगमर्यादा पाळा. वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा निघण्यापूर्वी वाचा. बंदूक रिकामी करून पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत. लायसन्स आणि गाडीचे कागद बंदुकीपासून दूर ठेवा, म्हणजे कागद काढताना हात शस्त्राच्या दिशेने जाणार नाही. थांबवलेच तर गाडी बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. सांगितल्याशिवाय काही काढायला जाऊ नका. काढायचे असेल तर आधी काय काढणार ते बोलून दाखवा. शस्त्र असल्याचे कधी सांगायचे, हेही राज्यागणिक वेगळे आहे. मिशिगनमध्ये परवानाधारकाने ताबडतोब सांगायचे, मिनेसोटात विचारल्यावर.

हा सल्ला कुणाला कायद्यापासून पळ काढायला शिकवत नाही. कायदा पाळणाऱ्याने जीव कसा वाचवावा, एवढेच तो सांगतो. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी तो मनावर घ्यावा. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालणे आवश्यक आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेचा संघीय कायदा बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई करतो. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. शेजारी अमेरिकन मित्राकडे चार बंदुका असतात म्हणून आपणही एक घ्यावी, किंवा त्याची पेटी आपल्या डिकीत ठेवून सहलीला निघावे, हे एखाद्या तरुणाला सहज वाटून जाते. त्याची किंमत तुरुंग आणि परत पाठवणी एवढी मोठी असू शकते. आणि बंदुकीचा संबंध असो वा नसो, आरशाची तसबीह गाडी सुरू करण्यापूर्वी काढून खिशात ठेवावी. जिक्र हातात आणि जिभेवर असतो, त्याला आरशाची गरज नाही. नजरेसमोर झुलणारी वस्तू रस्त्यावरचे लक्ष खरोखरच विचलित करते, हेही विसरू नये.

सल्ला योग्यच आहे, पण त्याने प्रश्न संपतो का? आमचे उत्तर स्पष्ट आहे, नाही.

कॅस्टीलने यातले काय केले नव्हते? परवाना होता. भाषा नम्र होती. शस्त्राची माहिती स्वतःहून दिली होती. सल्ल्याने चूक करण्याची शक्यता कमी होते. समोरच्याच्या मनात आधीच पक्का बसलेला संशय त्याने कमी होत नाही. ज्याचा चेहराच कारण ठरतो, त्याला आरसा मोकळा ठेवून किती सुरक्षितता मिळणार?

आणि ही केवळ भावना नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे 10 कोटी थांबवण्यांच्या नोंदी तपासल्या आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा रंग दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. झडती घेताना कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांच्या बाबतीत पोलिसांना कमी पुरावा पुरतो, असेही दिसले. नियम सगळ्यांसाठी एक, पण त्याची धार सगळ्यांना सारखी लागत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. रस्त्याकडेला अनोळखी गाडीजवळ एकट्याने जाणे हे पोलिसाच्या कामातले मोठे जोखमीचे काम आहे, आणि ज्या देशात घरोघरी शस्त्रे आहेत तिथे ही भीती खोटी नाही. असे थांबवताना पोलीस मारले गेले आहेत. बेकायदा शस्त्रे आणि अमली पदार्थही याच मार्गाने पकडले जातात, असे पोलीस सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण याच युक्तिवादाचा उलटा अर्थही लक्षात घ्यावा. प्रत्येक अनावश्यक थांबवणे जसे चालकाला धोक्यात घालते, तसेच पोलिसालाही. सुगंधी पुठ्ठ्यासाठी दोन घाबरलेली माणसे रात्री रस्त्याकडेला समोरासमोर आणायची गरज काय?

हे ओळखून काही ठिकाणी बदल झाले आहेत. व्हर्जिनियाने 1 मार्च 2021 पासून आरशाला लटकलेली वस्तू, गडद काचा, एखादा बंद ब्रेकलाइट अशा कारणांवरून गाडी थांबवायला मनाई केली आणि तरीही थांबवले तर त्यातून मिळालेला पुरावा न्यायालयात चालणार नाही, असे कायद्यातच लिहिले. फिलाडेल्फिया शहराने 2021 मध्ये असाच ठराव केला, तो मार्च 2022 पासून लागू झाला. इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 2024 पासून केवळ आरशावरच्या वस्तूसाठी थांबवता येत नाही. कॅलिफोर्नियात त्याच तारखेपासून पोलिसाने काही विचारण्याआधी थांबवण्याचे कारण सांगायचे असते. ज्या रॅम्सी काउंटीत कॅस्टील मारला गेला, तिथल्या सरकारी वकिलाने सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर केले की, गाडीतल्या किरकोळ दोषासाठी थांबवून उभी केलेली बहुतेक गुन्ह्यांची प्रकरणे आपण चालवणार नाही.

यामुळे गुन्हेगारी माजेल ही भीतीही तपासून पाहिली गेली आहे. उत्तर कॅरोलिनातल्या फेएटव्हिल शहरात 2013 ते 2016 या काळात पोलीसप्रमुखांनी भर बदलला. दिवे, काचा, नोंदणी यांच्यासाठी थांबवणे कमी केले. अतिवेग, लाल दिवा तोडणे यांसारख्या, माणसे मारणाऱ्या चुकांसाठी वाढवले. संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार अपघातांतली जीवितहानी कमी झाली आणि इतर गुन्हे वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे रस्त्याची सुरक्षितता आणि नागरिकाचा सन्मान यांच्यात भांडण नव्हतेच. पोलिसाचा वेळ नेमका कुठे खर्च करायचा, एवढाच प्रश्न होता.

आपल्याकडे गाडीतली बंदूक हा सर्वसामान्य माणसाचा प्रश्न नाही, आणि नसावाच. पण नाकाबंदीत कुणाची गाडी बाजूला घेतली जाते आणि कुणाची हात दाखवून पुढे सोडली जाते, हा प्रश्न आपल्यालाही अनोळखी नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती यांच्या 2019 च्या अहवालासाठी 21 राज्यांतल्या सुमारे 12 हजार पोलिसांशी बोलणे झाले. त्यातल्या जवळपास निम्म्यांना मुस्लिम समाज मुळातच गुन्हेगारीकडे झुकलेला वाटतो, असे त्यात आढळले. असा पूर्वग्रह घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हाती छोट्या नियमांचा गठ्ठा दिला, तर तो कुठे वापरला जाईल हे सांगायला नको. मोटार वाहन कायदा गणवेशातल्या पोलिसाला लायसन्स मागण्याचा अधिकार देतो, तो त्याने वापरावा. आपण कागद चोख ठेवावेत, शांतपणे दाखवावेत, दंड योग्य असेल तर भरून पावती घ्यावी. पण कोणत्या कारणासाठी थांबवले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नागरिकाने नियम पाळावेत, लहानसहान नियमही पाळावेत. शस्त्र जवळ असेल तर दुप्पट काळजी घ्यावी, कारण ती जबाबदारी दुसऱ्याच्याही जिवाची आहे. पण नियम पाळणे हा जिवंत घरी परतण्याचा एकमेव विमा असू शकत नाही. ज्या नियमभंगाने कुणालाही इजा होत नाही, त्यासाठी टपालाने नोटीस पाठवता येते, चलान पाठवता येते. त्यासाठी माणसाला अंधारात थांबवण्याची गरज नाही, आणि व्हर्जिनिया, इलिनॉयने ते कायद्यात लिहून दाखवले आहे. जिथे अजून लिहिलेले नाही, तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी मतदार असतील तर आपल्या प्रतिनिधीला विचारावे, नसतील तर जे विचारत आहेत त्यांच्या सोबत उभे राहावे.

आणि आज संध्याकाळी परदेशातल्या लेकराशी फोनवर बोलताना हवापाणी, नोकरी, जेवणखाण विचारून झाले की आणखी एक गोष्ट विचारा. बेटा, गाडीच्या आरशाला काय लटकवले आहेस?